व्याह्यांचा वांधा

“आता परत तुकडा काढायचा नाय,” असं म्हणून माझे व्याही दवाखान्याच्या खाटेवरून उतरले आणि वाकून चपला शोधायला लागले. आतड्यातली कॅन्सरची गाठ कापून झाली होती. तिची दोन पिल्लं लिव्हरात निघाली, त्यांच्यावर सलाईनमधून औषध चाललं होतं. एक पिल्लू विरत आलं, दुसरं फुगलं. त्या फुगलेल्याचा तुकडा तपासू, एवढंच डॉक्टर म्हणत होते. कोणाचंच न ऐकणारा एक माणूस देवाने घडवला, तो नेमका माझ्या सुनेचा बाप.

चांदवडला कांद्याचे व्यापारी. लिलावात वरचा एक कांदा उचलायचा, दाबायचा, कापायचा, नि अख्ख्या ट्रॉलीची बोली लावायची. तोच कायदा सगळीकडे. एक शेंग फोडून पोतं घ्यायचे, एक बुंदी चाखून आचारी ठरवायचे. सोयरिकीला आले तेव्हा माझ्या पोराचा दंड दाबून म्हणाले, “माल टिकाऊ हाय.” मला राग आला, पण मीही त्यांच्या लेकीचं एकच थालीपीठ खाऊन होकार दिला होता.

“एकाच आईची लेकरं ती,” ते डॉक्टरांना म्हणाले. “पहिला तुकडा तपासलाय ना? शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना याच औषधानं गुण आला. मलाबी तेच द्या, जास्त द्या.”

“काका, एका गाठीतल्या पेशीसुद्धा सारख्या नसतात,” डॉक्टर म्हणाले. “वाढता वाढता त्यांचे गुण बदलतात. औषधाने मरायच्या त्या मेल्या. दाद देत नाहीत त्या आता पसरताहेत.”

“उगा भ्या घालू नका.”

मग मी तोंड उघडलं. “व्याही, ट्रॉली तुमच्या खळ्यावर ओतली आणि आतून दुसराच माल निघाला, की वांधा काढून शेतकऱ्याचा भाव कोण पाडतं? एक कांदा बघितला होता ना? मग गप बसायचं.”

“विहीणबाई, तो धंदा हाय.”

“आणि हा जीव आहे. इथे काढा की वांधा. का शेतकऱ्यापुढेच जोर?”

एक चप्पल पायात घातली होती, ती त्यांनी काढली. “लय कडू बाई हाय,” असं डॉक्टरांना सांगून खाटेवर चढले.

तुकडा निघाला, औषध बदललं, मिशा गेल्या, पुढे लिव्हरवर सुरीही चालली. आता लिलावात ते ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून आतला कांदा काढतात आणि बाकीचे व्यापारी खोळंबून शिव्या घालतात. मास्तरांना ज्या औषधाने गुण आला होता, त्याला त्यांची गाठ पुढे जुमानेना. मास्तर गेले. व्याही वाचले.