मारुतीच्या हारातलं पान

शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या चिकाचा वास आला की मला जळगाव जामोदजवळची, मी शिकवायचे ती शाळा आठवते. अळीचं फुलपाखरू कसं होतं ते दाखवायला मी रुईवरची एक पट्टेरी अळी वर्गात बरणीत ठेवली होती. पोरं कपाशीवाल्यांची, अळी दिसली की चिरडणारी. पुढच्या बाकावरची मुलगी तर म्हणालीच, "मॅडम, हिले काऊन पोसता? मारून टाका ना." त्याच आठवड्यात शनिवारी बरणीतली पानं संपली, तेव्हा तीच मुलगी दप्तरातून मारुतीला वाहायचा रुईचा हार काढून त्यातलं एक पान तोडत हळूच म्हणाली, "देवाले एक कमी चालते. हिले भूक लागली." आता हार घेताना मी पानं उलटून बघते. हारवाल्याला वाटतं, मी ताजी पानं निवडतेय. मी कुरतडलेलं पान शोधत असते.