दोन रेघा

मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. आधी सर्दी, मग खोकला, आणि एका सकाळी दूध पिता पिता तिला धाप लागली. मी आणि सासूबाई तिला अक्कलकुव्यात लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी छाती तपासली आणि विषाणूची झटपट तपासणी करायला नाकात बारीक काडी घातली. मुलीने मान झटकली आणि ती थेट बाईंच्या चष्म्यावर शिंकली.

थोड्या वेळाने तपासणीच्या पट्टीवर एकच रेघ उमटली.

"एकच शे!" सासूबाईंनी लगेच दुपटं आवळलं. "काहीच नही. चाल, घर जाऊत."

"आजी, एक रेघ आली म्हणजे आजार नाहीच, असं नसतं," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "काडीला पुरेसा शेंबूड लागला नाही तर पट्टी फसते. बरगड्या बघा कशा आत ओढल्या जातायत. ॲडमिट करू."

"मंग काडी कसाले घाली बिचारीना नाकमा?"

बाईंना हसू आवरेना. "दोन आल्या असत्या तर खात्रीनं सांगता आलं असतं ना!"

ऑक्सिजन लागला. दुसऱ्या दिवशी डोकं नीट धरून पुन्हा नमुना घेतला. दोन रेघा! तोवर मुलीचा श्वासही सुधारला होता, त्यामुळे सासूबाईंना हुरूप आला. त्यांनी तळोद्याच्या माझ्या नणंदेला फोन लावला. "दोन रेघा उन्यात व माय! डॉक्टर म्हनस, पक्कं शे." एवढं झालं आणि रेंज गेली.

तासाभरात मला अभिनंदनाचे फोन सुरू. मग नवऱ्याचा आला. तो केळीची गाडी घेऊन सुरतेला गेला होता.

"तू माले काहीच सांगं नही?" आवाज पार बसलेला.

माझ्या डोक्यात उजेड पडला: नणंदेला वाटलं होतं, मलाच पुन्हा दिवस गेलेत. पण दोन दिवस जीव टांगणीला लागला होता, जरा गंमत हवीच होती. "आते काय करूत? पक्कं शे म्हनतस."

ट्रकांच्या आवाजात त्याने घसा खाकरला. मग हळूच, "चाली जाई, संभाळी लेऊत. पन पोरगी कशी शे?"

मला हसूही आलं आणि रडूही. खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्याने सोडलेला सुस्कारा सासूबाईंनाही ऐकू गेला.

संध्याकाळी नणंद पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात हजर. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, तिच्या हातातून पुडा ओढला आणि वॉर्डभर वाटत सुटल्या, "पोरगी बरी व्हयनी, पेढा ल्या!"