त्रिपुरसुंदरीबाईंचा शेवटचा रोल

वेस्ट मांबलमला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या त्रिपुरसुंदरीबाईंच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी कॅमेऱ्याचे रोल असतात. फोटो कोणाचा, हे ठरलं की मगच त्या फिल्म निवडतात. कोवलमच्या होड्यांना रंगीत, लहान मुलांना वेगवान कृष्णधवल, कारण ती क्षणभर स्वस्थ बसत नाहीत. मला कुठली, असं विचारलं तर म्हणाल्या, "तू आधी मोबाइल खाली ठेव, मग बघू." गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, चालायचंच.

त्यांची सगळ्यात लाडकी फिल्म मात्र बंद होऊन वर्षं लोटली. मंद, मऊ कृष्णधवल. तिच्यात सुरकुतीसुद्धा मायेने उमटते. तिचा एकच रोल उरला होता, तोही मुदत संपलेला. बाईंचे थोरले भाऊ अप्पाजी आपल्या मुलाकडे कॅनडाला कायमचे निघाले, तेव्हा त्यांनी तो बाहेर काढला.

मला राहवेना. "नवा भरा ना. हा खराब निघाला तर भाऊ काही परत समोर बसणार नाहीत."

"अप्पाजीचे असकी फोटो यातच अहेत," त्या आपल्या दक्षिणी मराठीत म्हणाल्या; असकी म्हणजे सगळे. "दुसरी फिल्म त्याला ओळखील का?"



गार रोल लगेच उघडला तर इथल्या दमट हवेत त्याला घाम फुटतो. म्हणून बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ताटकळत बसवलं. इस्त्रीची वेष्टी नेसून बसलेले अप्पाजी कंटाळले. "मुदत तर माझीही संपलीय," ते पुटपुटले, "मला कोण इतकं जपतंय?"

बाईंनी रोल अजून गार लागतोय का ते हात लावून पाहिलं. मग त्यांना बाल्कनीत बसवून, जपून एकेक फोटो काढत गेल्या. शेवटची फ्रेम उरली तेव्हा अप्पाजींनी कॅमेरा मागून घेतला आणि घाईघाईत बहिणीचाच फोटो काढला. शेवटची फ्रेम आपल्यावर खर्ची पडली म्हणून बाई हळहळल्या, पण हसू काही आवरलं नाही.

रोल त्यांनी न्हाणीघरात स्वतःच धुतला. फोटो धूसर आले, पण आले. बाईंची निवड खरी ठरली याचा मलाच जास्त आनंद झाला. अप्पाजींनी स्वतःचे सगळे बाजूला सारले आणि बहिणीचा तेवढा उचलून पासपोर्टात ठेवला.

"तो हललाय," बाई म्हणाल्या.

"परवाइल्लै, चालेल. तिथे माझं तोंड मला आरशात दिसेल."

बाई डोळे पुसत आत गेल्या. केमिकल झोंबलं म्हणाल्या.