कोपरा सर

मी कवळ्या बनवतो. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे. जोडीला खेळाडूंची दात जपणारी माउथगार्डंही करून देतो, त्यामुळे कुठला खेळ चालतोय आणि कुठला बसतोय, हे मला पेपरवाल्यांच्या आधी कळतं. दहा वर्षांपूर्वी माझ्या फळीवर सुकत पडलेले प्लास्टरचे जबडे बहुतेक बॉक्सिंगवाल्यांचे असायचे. आता बहुतेक एमएमएवाल्यांचे असतात. एमएमए म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातला तो खेळ, ज्यात गुद्दे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळंच चालतं.

हे मी भाऊजींसमोर एकदाच बोललो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पेशानं लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोलीत ग्रीसमध्ये हात घालायचे आणि साडेपाचच्या ठोक्याला टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बॉक्सिंग शिकवायला हजर. चोवीस वर्षं एकदाही दांडी नाही. ताईच्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा गेले होते, ते ताई त्यांना अजून ऐकवते.

पोरं त्यांना मागून 'कोपरा सर' म्हणायची. बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला, की उभ्या असलेल्यानं मुकाट्यानं लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं असतं. मग पंच आकडे मोजतात. नव्या पोरांच्या अंगात रग असते, ती पडलेल्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहतात. तसं झालं की भाऊजी हॉल दणाणून सोडायचे, "कोपरा!" खाली टायरवाल्यांनाही तो शब्द पाठ झाला होता. "पडलेल्याला उठायला वेळ द्यायचा," ते सांगायचे. "बाकी शिकवलेलं सगळं विसरलात तरी मी रागावणार नाही."

मग समोरच्या इमारतीत एमएमएचं काचेचं जिम निघालं आणि हॉल ओस पडायला लागला. भाऊजींना ते मान्यच नव्हतं. "अरे, मोठी बॉक्सिंगची लढत असली की टीव्हीसमोर कोण कोण बसतं ते बघ. तुझी ताई बसते. शेजारच्या आजी जपमाळ बाजूला ठेवून बसतात. त्यांचा तो पिंजरा लाव, आजी उठून जातील."

"आजी शिकायला येणार आहेत का, भाऊजी?" मी विचारलं. जीभ आवरत नाही माझी, काय करणार.

खरं सांगायचं तर बरोबर दोघांचंही होतं. वर्षातून दोनदा मोठी लढत लागली की सगळी इमारत बॉक्सिंग बघायची, आणि उरलेलं वर्ष पोरं फोनवर पिंजरा बघायची. शेवटी भाऊजी स्वतःच म्हणाले, "बघणारे आमचे, शिकणारे त्यांचे." म्हणाले आणि उठून दोरीवरच्या उड्या मारायला लागले. हॉलमध्ये त्या दिवशी तीनच पोरं होती.

त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, सातव्या वर्षापासून त्या हॉलमध्ये वाढलेली. बावीस वर्षांची असताना ती एक दिवस माझ्या दुकानात आली आणि नवं माउथगार्ड मागू लागली. "मामा, जरा पातळ कर. पाठीवर पडलं तरी श्वास घेता आला पाहिजे."

माझा हात थांबला. बॉक्सर पाठीवर पडून श्वास घेत बसत नाही. तो उठतो, नाहीतर हरतो. "बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"तू सांग ना."

"मी? मला माझे दात प्यारे आहेत."

शेवटी तिनंच सांगितलं, जेवताना. भाऊजींनी एवढंच विचारलं, "माझ्याकडे काय कमी पडलं?"

"काहीच नाही, बाबा. पण हॉलमध्ये माझ्या वजनाची एक तरी मुलगी उरलीय का? मी लढू कोणाशी?"

माझ्यासारखा माणूस वर्षभर गाल फुगवून बसला असता. भाऊजी मात्र चौथ्या दिवशी एमएमएच्या नियमांची छापील पुस्तिका घेऊन आले आणि मशीनच्या खोलीत बसून पेन्सिलनं खुणा करत वाचायला लागले. रात्री ताटावर बसले की परीक्षेला बसल्यासारखे प्रश्न. "गुडघा कधी चालतो? आणि खाली पडलेल्यावर कोपर मारलं तर बाद करत नाहीत?" पोरगी पोळी तोडता तोडता समजावून सांगायची. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला होता, की मी तोंडावर काहीच बोललो नाही. मी असा गप्प बसणं म्हणजे फार झालं.

काचेच्या जिमचे सर तिशीतले, नम्र गृहस्थ. भाचीनं हट्ट धरला की लढतीच्या वेळी पिंजऱ्याबाहेर सरांच्या शेजारी बाबाही हवेत. सर कबूल झाले.

लढत एका शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये होती. जिंकणारीला राज्याच्या त्या वर्षीच्या संघात जागा मिळणार होती. एकच जागा, आणि तिच्यासाठी या पोरीनं चौदा महिने घाम गाळला होता. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर भाचीचा डावा हात असा बसला, की समोरची मुलगी सपशेल पाठीवर. बॉक्सिंगचाच गुद्दा होता तो, टायरच्या दुकानावरचा. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. आता खाली जायचं आणि कोपराचे दोन ठेवून द्यायचे, की लढत संपली. सरावात तिनं हे शेकडो वेळा केलेलं.

भाऊजी जाळीला नाक लावून ओरडले, "कोपर! कोपर!"

पण ओरडताना माणसाचा शेवटचा र काही जागेवर राहत नाही. त्या गोंगाटात भाचीच्या कानावर पंधरा वर्षांचा ओळखीचा शब्द पडला. ती वळली, शांतपणे चालत पलीकडच्या जाळीशी गेली, दोन्ही हात जाळीवर पसरून टेकून उभी राहिली, जणू पंच आता आकडे मोजणार होते.

पिंजऱ्यात आकडे मोजत नाहीत. पंच तिच्याकडे बघत राहिले. हॉलमध्ये कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. तेवढ्यात समोरची मुलगी उठली, धावत आली आणि तिनं भाचीला कमरेत धरून आपटलं. पुढची सगळी लढत जमिनीवर झाली आणि भाची गुणांवर हरली.

कपडे बदलायच्या खोलीत सरांनी विचारलं, "तिकडे जायला कोणी सांगितलं तुला?" ती बुटांच्या नाड्यांकडे बघत बसली.

"मी सांगितलं," भाऊजी म्हणाले. "म्हणजे, मी कोपर म्हणालो. तिनं कोपरा ऐकलं. चूक माझी."

भाचीनं मान वर केली. "तुम्ही कोपर म्हणालात?"

"हो."

"मला वाटलं, ती पडली ते तुम्हाला बघवलं नाही. तिला उठायला वेळ दे म्हणताय." तिचा आवाज फुटला. "म्हणून मी गेले. जागा जाणार हे कळत होतं मला, तरी गेले."

मी आयुष्यात पुष्कळ जबडे पाहिलेत, पण त्या क्षणी भाऊजींचा जबडा जसा आवळला गेला तसा दुसरा पाहिला नाही.

"पुढच्या वेळी तुम्ही खुर्चीत बसा, बाबा," ती हळूच म्हणाली. "तुमचा आवाज आला की माझे पाय तुमचं ऐकतात. माझं ऐकत नाहीत."

"बरं," भाऊजी म्हणाले.

सोमवारी सकाळी दुकान उघडतो तर भाऊजी दारात उभे. "माझ्या दातांचं माप घे. आणि पातळ कर." वय वर्षं अठ्ठावन्न, खालचे दोन दात माझ्याच हातचे. मी म्हणालो, "भाऊजी, हे काय वय आहे का?" ते म्हणाले, "तिची भाषा मला पुस्तकातून येते रे. अंगातून येत नाही."

काचेच्या जिममध्ये नवशिक्यांचा सकाळचा वर्ग भाचीच घ्यायची. ज्यांनी चोवीस वर्षं शिकवलं ते भाऊजी सगळ्यात मागच्या रांगेत, विशीतल्या पोरांच्यात, आखूड चड्डीवर. दोन महिने ते रोज आपटले गेले. लोळण, पकड, सुटका, सगळं पहिलीतल्या मुलासारखं गिरवलं. टायरवाले दुकानातून काचेपलीकडे बघून हसायचे, हे त्यांना दिसायचं. संध्याकाळी साडेपाचला तेच भाऊजी वर हॉलमध्ये हजर.

एका शनिवारी मी बघायला गेलो होतो. त्या दिवशी गळ्याची पकड होती. दम कोंडला की हातानं थोपटायचं, म्हणजे समोरचा सोडतो. भाऊजी कोणापुढेच थोपटत नव्हते. बॉक्सर स्वतः कधी हार मानत नाही, टॉवेल टाकून हार कबूल करायची ती बाहेरच्यानं. शेवटी भाची स्वतः त्यांच्या मागे बसली आणि तिनं त्यांच्या गळ्याभोवती हात आवळला. भाऊजी लाल झाले, मग जांभळे व्हायला लागले.

"थोपटा, बाबा."

नाही म्हणजे नाही.

"थोपटा ना हो!"

तेव्हा त्यांचा हात उठला आणि तिच्या हातावर पडू लागला. इतरांसारखा फटाफट नाही. संथ, मऊ, एका लयीत. ती लय मी ओळखली. ही पोर दात येताना रात्र रात्र रडायची, तेव्हा ते तिला खांद्यावर घेऊन असंच थोपटायचे.

तिनं पकड लगेच सोडली, पण हात काढला नाही. त्यांच्या मानेत तोंड खुपसून ती तशीच बसून राहिली. माझे डोळे भरून आले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"असं नाही थोपटायचं, बाबा," ती नाक ओढत म्हणाली. "जोरात. नाहीतर समोरच्याला कळत नाही."

"तुला कळलं ना?"

"मला कळलं."

ती उठली, हात देऊन तिनं त्यांना उभं केलं आणि दाराशी उभ्या असलेल्या सरांना सांगितलं, "पुढच्या लढतीला बाबा खुर्चीत नाही, जाळीशी माझ्यासोबत असतील."