ग्रॅज्युअल म्हणजे हळू नव्हे

कल्पना करा, तुमच्यापुढे कोरी चिठ्ठी आहे. कोपऱ्यात 'ग्रॅज्युअल' हा इंग्रजी शब्द. अर्थ लिहायचा, पण 'हळूहळू' म्हणायचं नाही. जमतंय?

आयव्ही हॉलरॉइड यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरणीत तीस वर्षं रंगखान्यात होती. संध्याकाळी ती हौसेने एका शब्दकोशासाठी वाचायची. छापील मजकुरात एखादा शब्द निराळ्या अर्थाने दिसला, की वाक्य चिठ्ठीवर उतरवून कचेरीला पाठवायची. अशा हजारभर चिठ्ठ्या गेल्या, पण स्वतःच्या कामातला एकही शब्द तिने दिला नव्हता. हा एक तिला द्यायचाच होता.

निमित्त झालं नव्या फोरमनचं. रेज पिकल्सने रंगाच्या कृतीच्या कार्डावर उष्णतेपुढे 'ग्रॅज्युअल' वाचलं, पाणी दहा अंश तापवलं, थांबला, पुन्हा दहा अंश. लोकर ठिपकेदार निघाली.

"मी घाई कुठे केली?"

"घाई नाही रे. चढण चढायची होती, तू जिना बांधलास."

त्याच संध्याकाळी तिने लिहून पाठवलं: बदल झटपट झाला तरी चालेल, मध्ये धक्का नको. कचेरीचं उत्तर आलं: म्हणणं पटतं, पण छापील दाखला हवा.

"म्हणजे तीस वर्षं तू रंगवलंस ते गेलं पाण्यात," क्लिफर्ड, तिचा कबुतरांच्या शर्यती खेळणारा नवरा, म्हणाला.

"तुझं कबुतर छपरावर येऊन बसलं तरी पायातली रिंग काढून वेळ नोंदवायच्या घड्याळात टाकेपर्यंत शर्यतीत धरतात का?"

क्लिफर्डने बाह्या वर सारल्या. "शोध मग. भांडी मी घासतो."

तीन महिने ती रंग कंपन्यांची जुनी माहितीपत्रकं चाळत राहिली. शेवटी एकात सापडलं: 'ग्रॅज्युअल वाढत्या उष्णतेने वीस मिनिटांत उकळी आणावी.' वीस मिनिटं म्हणजे रंगखान्यात धावपळच. पान क्रमांकासह चिठ्ठी गेली आणि पंधरा दिवसांनी पोच आली: स्वीकारली, पुढच्या आवृत्तीसाठी ठेवली आहे.

क्लिफर्डने ते पत्र शेजारच्या तीन घरांत वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आयव्हीने रेजचा हात वाफ सोडायच्या चाकावर ठेवला आणि केसभर, केसभर फिरवायला लावलं. पांढरी लोकर गुलाबी होत होत लाल झाली, कुठे डाग नाही.

"कळलं," रेज म्हणाला. "पण लाल झाली कधी? मी नजर हटवली नव्हती."

आयव्हीने लाल लोकर उजेडात धरून पाहिली. घरी येऊन तिने कोरी चिठ्ठी पुढे ओढली. कुठल्याच क्षणी लोकर आधीच्या क्षणाहून वेगळी दिसली नाही, तर मग ती बदलली नेमकी कधी?