सरांसाठी थांबलेला हार्पसिकॉर्ड

भूत, आत्मा वगैरे विषय निघाला की हसण्यात माझा पहिला नंबर. पुणेकर, त्यात सॉफ्टवेअरवाली… तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

हिंजवडीतली नोकरी नवीन होती तेव्हाची गोष्ट. दर रविवारी सकाळी मी फ्लूट घेऊन पूलगेटजवळ डिसूझा सरांकडे जायचे. सर पंचाहत्तरीचे, गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, म्हणजे चेलो, वाजवायचे. आमची लाडकी रचना म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा एक सोनाटा — फ्लूट, चेलो आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य. आता पुण्यात हार्पसिकॉर्ड कुठून आणणार? तो भाग सरांच्या बायको, लिली आंटी, पियानोवर वाजवायच्या. एका अवघड जागी सरांची बोटं हमखास अडखळायची. आंटी तेवढ्यापुरत्या थांबायच्या. किती गोड वाटायचं ते!

मग आंटी गेल्या. सरांचं वाजवणं सुटू नये म्हणून मी आंटींचा भाग एकेक नोट करून कॉम्प्युटरमध्ये भरला, आवाज हार्पसिकॉर्डचा लावला. शहाणपणा करून वेगही एकदम पक्का ठेवला. कॉम्प्युटर कुणासाठी थांबतो होय? त्या जागी सर दर वेळी मागे पडायचे.

चौथ्या रविवारी त्यांनी चेलो खाली ठेवला.

"बास झालं, मेघना. उद्या एक जण बघायला येतोय. विकून टाकतो."

"सर, मी वेग कमी करते ना!"

"नको. माझ्यासाठी म्युझिक लंगडं करू नकोस."

मला रडूच आलं. "मग शेवटचं एकदा," म्हटलं आणि काहीही न बदलता तीच फाइल लावली.

ती जागा आली, सर अडखळले… आणि हार्पसिकॉर्ड थांबला. बंद नाही पडला — थांबला. सरांनी गज सावरला, सूर धरला, तेव्हाच तो पुढे निघाला. शेवटच्या सुरावर आम्ही तिघं बरोबर पोचलो.

"तू केलंस काय?" सरांनी विचारलं.

"नाही हो सर, आईशपथ!"

घरी येऊन फाइलमधली एकूण एक नोट तपासली. वेग तोच, शेवटचा बदल महिन्यापूर्वीचा. मशीन हँग झालं म्हणावं, तर नेमकं सरांचा सूर लागल्यावर कसं सुटलं? माईकसुद्धा जोडलेला नव्हता, त्याला सर ऐकूच येत नव्हते! ऑफिसात विचारलं, तर "झोप घे जरा" एवढंच उत्तर मिळालं. पुन्हा तसं कधी झालं नाही, आणि का झालं ते मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी चेलो बघायला तो माणूस आला. सरांनी त्याला दारातच सांगितलं, "सॉरी हां, विकायचा नाही. रविवारी लागतो."