धावड्याची ओली मिरची

मालकीणबाईचं नाक मेलेलं होतं. तपकीर ओढून ओढून. मसाल्याचा धंदा करणाऱ्या बाईला वास येत नाही, हे ती कुणाला कळू देत नसे. पण मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मला त्या जीपमध्ये जागा मिळाली. नाहीतर मिरची कांडणाऱ्या बाईला जीपमध्ये कोण बसवतं?

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. मालकीणबाईचं दुकान मस्तगडला, पुढे दुकान आणि मागे एक खोली. त्या खोलीत धने-खोबरं भाजून मसाला मिसळायचं काम चाले. मिरची कांडायची शेड मात्र नदीपलीकडे, पत्र्याची. तिथे आम्ही पाच-सहा बाया तोंडाला पदर बांधून उखळाशी उभ्या असू. सगळ्या आमच्याच, म्हणजे बौद्ध. आम्ही कांडलेली मिरची चालायची. मसाल्याला हात लावायला मात्र दुसऱ्या बाया. तसा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता.

दिवसभर मिरची कांडून हात असे पेटायचे की घरी गेल्यावर लेकराला उचलता येत नसे. चार वर्षांत खोकल्याने मी अर्धी झाले होते. मला त्या आतल्या खोलीत जायचं होतं. बाकी काही नको होतं.

त्याच्या आदल्या वर्षी मालकीणबाई एकटीच जाऊन मिरची घेऊन आली होती. पोतं फोडलं तेव्हाच मी म्हणाले होते, "बाई, ही ओली भरलेली हाय." तिने मला गप्प बसवलं. पावसाळ्यात निम्म्या मसाल्याला बुरशी आली. म्हणून या खेपेला माघ संपता संपता ती स्वतः शेडात आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या माझ्यासंगं भोकरदनकडं चल. माल बराबर भेटला तर तुला आत घेते."

"आत म्हंजे?"

"आत म्हंजे आत. भाजायला, मिसळायला. पण एक सांगून ठेवते. लोकांच्या घरी बसावं लागंल, खावं-प्यावं लागंल. तू माझी चुलत जाऊ. आडनाव इचारलं तर माझं सांगायचं. दुकानातबी मंग तेच सांगायचं, तिथं तुला कुणी वळखत न्हाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "लुगडं कोणतं नेसू?"

जीप भाड्याची होती. चालक जालन्याचाच, मुसलमान, तोंडाचा फटकळ. तो शेडातून मिरचीपूड दुकानात पोचवायचा, त्यामुळे मला चांगला ओळखत होता. मालकीणबाईने त्याला काय ते सांगून ठेवलं होतं. मी चढले तसा तो म्हणाला, "आइये जाऊबाई. दार बराबर लावा. पडल्या बिडल्या तर खानदानाची इज्जत जाईल."

"तू रस्त्याकडं बघ रे," मालकीणबाई म्हणाली.

"बघून राह्यलो ना बाई. रस्ता कुठं हाय तेच शोधून राह्यलो."

रस्ता खरोखरच नव्हता. दुष्काळात लोकांनी फोडलेली खडी कडेला ढिगांनी तशीच पडली होती. मालकीणबाईने वाटेत स्वतःच्या करंड्यातलं कुंकू काढून माझ्या कपाळावर रुपयाएवढं टेकवलं. माझं आधीचं तिला बारीक वाटलं.

पहिल्यांदा केदारखेड्याला थांबलो. तिथल्या एका म्हाताऱ्याचे धने आणि घाण्याचं करडीचं तेल घ्यायचं होतं. घाण्याला बैल जुंपलेला होता, तेलाचा वास अंगणभर. आम्हाला आत नेऊन बाजेवर बसवलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, त्यावर ताजं तेल. मी दोन भाकरी खाल्ल्या. म्हातारीने विचारलं, "माहेर कुठलं, बाई?"

"जाफराबादकडलं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"कुणाच्यात?"

"अहो काकू, ते धने दाखवा आधी," मालकीणबाई मध्येच बोलली. "अजून लांब जायचंय."

धने दाखवले. मी मूठभर घेतले, तळहातावर चोळले, हुंगले. वरचे नवे होते, खालचे मागच्या सालचे. मी तसं सांगितलं. म्हातारा चिडला नाही, हसायला लागला. "काय जाऊ आणलीय हो तुम्ही! आमच्या म्हातारीला चाळीस वर्षांत हे कळलं न्हाई."

"मला सगळं कळतं," म्हातारी म्हणाली. "तुमचं झाकून ठेवते एवढंच."

सगळे हसले, मीसुद्धा. मग त्याने आतलं नवं पोतं काढलं. खरं सांगते, मला मजा आली होती. पोटभर खाल्लेलं, बाजेवर बसलेली, आणि मी म्हणेन तो माल घेतात. हे असं असतं तर, असं वाटलं. हे कुणाच्या नावावर चाललंय, ते मनात आलं नाही.

भोकरदन ओलांडल्यावर एका खव्याच्या भट्टीवर थांबलो. मालकीणबाईला घरी पेढ्यांना खवा हवा होता. भट्टीवाल्याने पळसाच्या पानावर गरम खवा दिला. मालकीणबाई खाऊन "वा" म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. खवा खाली लागलेला होता. मी नको म्हणून मान हलवली. पुढे गेल्यावर चालक म्हणाला, "बाई, जाऊबाईंचं नाक भाड्यानं लावा. दुकानापेक्षा जास्ती कमाई."

मला आता बोलायला पाहिजे होतं, कारण पुढचं गाव धावडा होतं. माझी धाकटी मावशी धावड्याला दिलेली होती. आई गेली तेव्हा मी चौथीत होते. शाळा सुटली आणि पुढची तीन वर्षं मी मावशीकडेच होते. भाकरी करायला तिनेच शिकवलं. ती दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जायची. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी मालकीणबाईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ती दुसऱ्या गावाला गेली असती, किंवा मला घरी बसवलं असतं. गाव मोठं आहे, मी तेव्हा पोर होते, आता कोण ओळखणार, आणि नेमकी मावशी कशाला भेटेल, असं मी मनाशी म्हणत राहिले.

मिरचीवाल्याचं शेत डोंगराच्या पायथ्याशी होतं. खळ्यावर लाल ढीग, आणि ढिगाभोवती सात-आठ बाया देठ तपासत, पोती भरत बसलेल्या. त्यातली तिसरी मावशी.

तिने वर बघितलं. माझं लुगडं बघितलं, कपाळ बघितलं, शेजारी मालकीणबाई बघितली. मग खाली मान घालून कामाला लागली. तिला समजायला जीपचं दार लागायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

शेताच्या मालकाने आम्हाला लिंबाखाली बाज टाकली. त्याच्या बायकोने तांब्या-पेला आणून दिला, मग कपबशीतून चहा. त्याच वेळी तिकडे एका मजूरबाईला तहान लागली, तर शेतमालकाच्या त्याच बायकोने लांबून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. मी कप खाली ठेवला नाही. पूर्ण प्याले.

"बघ गं जरा माल," मालकीणबाई म्हणाली.

मी उठून ढिगाशी गेले. मावशी हातभर अंतरावर होती. मी कोपरापर्यंत हात आत घातला. वाळलेली मिरची हाताला टोचते, हलवली की बी वाजतं. ही गप्प होती आणि गार होती. एक काढून वाकवली तर मोडली नाही. पोती भरताना मिरची फुटू नये म्हणून सगळेच थोडं पाणी शिंपडतात, त्यात गैर काही नाही. पण हे शिंपडलेलं नव्हतं, ओतलेलं होतं. वजनासाठी. हीच मिरची घेतली तर पावसाळ्यात पुन्हा बुरशी, आणि मग मला कुठली आतली खोली?

"ओली हाय, बाई," मी म्हणाले.

मालकाचा चेहरा पडला. मालकीणबाई त्याला म्हणाली, "काय हो पाटील, पाणी इकता का मिरची?"

तो एकदम बायांवर फिरला. "शिंपडा म्हन्लं तर घागरीच्या घागरी ओतल्या रांडांनी! ह्या लोकांच्या हातात काई देऊच नये. कुनी ओतलं? बोला!"

मग मावशी बोलली. ती पहिल्यापासून तशीच. "मालक, तुम्हीच उभं राहून ओतून घेतलं. दोन घागरी झाल्या तर अजून दोन मारा म्हन्ले."

"तोंड वर करून बोलती!"

मालकीणबाईला यात मजा वाटत होती की तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कोण जाणे. तिने मला विचारलं, "तू सांग गं. तुला कळतं त्यातलं. हे मजुराचं काम की मालकाचं?"

यात कळायचं काय होतं? मजूरबाईला पाणी ओतून काय मिळतं? जड होतं ते मालकाचं पोतं. लहान पोरानेही सांगितलं असतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. भीक मागितल्यासारखं नाही, नुसतं, काय म्हणतेय ते ऐकायला.

मी म्हणाले, "मला काय ठावं, बाई. माल ओला हाय, एवढं खरं."

"बाईसाहेबांचा हात जाणता हाय," मावशी म्हणाली, आणि मिरचीचा देठ मोडून फेकला.

मालकाने तिला तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. मग हात जोडून आम्हाला आत नेलं आणि माळ्यावरचा कोरडा माल दाखवला. उत्तम होता. रंग, तिखटपणा, सगळं. मालकीणबाईने सगळा उचलला. निघताना मालकाच्या बायकोने आमची ओटी भरली. गहू, हळकुंड, खोबऱ्याची वाटी. मी पदर पसरून उभी होते आणि समोरून मावशी आपलं फडक्यातलं जेवण काखेत मारून बांधावरून चालली होती. तिने मागे बघितलं नाही. मी तिला हाक मारली नाही.

परतताना चालक नुसता रस्त्याकडे बघत होता. त्याने काही ओळखलं होतं का, मला माहीत नाही. भोकरदनपर्यंत त्याने मला एकदाही जाऊबाई म्हटलं नाही. मालकीणबाई मात्र खूश. "पाटलाची कशी जिरली! आन् ती बाई बघितली का? कसली उर्मट! असल्या बाया शेडात आणल्या तर रोज भांडण." मी हो म्हणाले.

आठवड्याने मी आतल्या खोलीत बसले. तिथल्या दोघी बायांनी मला मालकीणबाईचं नातं विचारलं, मी सांगितलं. खोकला महिन्याभरात गेला. मसाला चांगला झाला, लोक नाव काढायला लागले. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की बढती झाली.

मग एका बाजारच्या दिवशी मावशी घरी आली. भोकरदनच्या एसटीने आली होती. कोपऱ्यात बसली, पाणी प्याली, आणि फडक्यातून मूठभर लाल मिरच्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "घरी खायला. कोरडी हाय. हात घालून बघ."

मी एक उचलून वाकवली, कटकन मोडली.

"त्या दिवसाचं मी काढायला न्हाई आले," ती म्हणाली. "ते काम गेलं ते गेलं. दुसरा कुनी बोलवून न्हाई राह्यला. पाटलानं गावभर सांगितलंय. तुला आत घेतलं, असं कळलं."

"कुणाकडून?"

"कळतं. मंग शेडातली तुझी जागा रिकामी असंल. माझं बघ की. उखळ मला नवं न्हाई. तुलाच मी शिकवलं मुसळ धरायला."

जागा रिकामीच होती. पण मालकीणबाई तिला बघताक्षणी ओळखणार होती. ही तर ती धावड्याची उर्मट बाई, आणि ही तुझी मावशी? मग तू बाजेवर बसून गप्प का होतीस? आणि मावशीचं तोंड कुणाच्या बापाला बंद होणारं नव्हतं. दुकानात आली असती, मला घरच्या नावाने हाक मारली असती.

"जागा भरली, मावशे," मी म्हणाले.

"भरली?"

"हो. कालच."

ती उठली. मी भाकरी वाढते म्हणाले, तर म्हणाली एसटी चुकेल. एसटीला अजून दोन तास होते. दारात चपला घालताना म्हणाली, "तुझ्या आईचं नाक असंच होतं." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी खोबरं भाजत होते. मालकीणबाई येऊन म्हणाली, "अगं, शेडात एक बाई पाहिजे. तुझ्या ओळखीत आहे का कुणी? घरचं असंल तरी चालंल. आता तुझ्यावर भरोसा हाय."

मी म्हणाले, "न्हाई, बाई. कुणी न्हाई."

धावड्याला जे बोलले ते मला शिकवून ठेवलेलं होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि समोर पाटीलही नव्हता. हे मी माझ्या मनाने बोलले, आणि खोबरं करपू नये म्हणून हात चालूच ठेवला.

मावशी त्या उन्हाळ्यात रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली, असं ऐकलं. पुढे तिच्या डोळ्यात खडीची कपची गेली आणि तो डोळा गेला. मी भेटायला गेले नाही. त्या खोलीत मी अकरा वर्षं बसले, मालकीणबाईच्या आडनावाने.